हत्यारांना घर कोठें आहे?

खंडेनवमीस आमच्या घरोघर करवत, रंधा, घण, पाने यांना हळदकुंकू वाहून हात जोडले जातात. आणि लगेच तींच हत्यारें गोठ्याच्या कोपऱ्यांत गंजत पडतात. पूजा झाली, जागा मात्र मिळाली नाहीं!

नवें घर बांधतांना देवघर कोणत्या दिशेस, दार कोठें, हें भटजीस विचारून ठरतें. वास्तुशांतीस हजारों रुपये जातात. परंतु ज्या हातांच्या कमाईवर तें घर उभें राहतें, त्या हातांच्या कामाची खोली नकाशांत कोणी काढतो काय? नांगराचा फाळ सैल झाला वा पंपाचा नट तुटला कीं ऐन पेरणींत तालुक्यास धांव! दिवस बुडतो तो निराळाच.

बलुतें मोडून गेलें, पण हत्यारास हात लावणें कमीपणाचें ही समजूत मोडली नाहीं. शेतकऱ्याच्या मुलानें कानस धरली तर "लोहार झालास काय?" असें हिणविणारे आजही आहेत. जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. त्यांचे वारस म्हणविणारांस हें शोभतें काय?

बंधूंनो, थाट नको. दहा फूट लांबरुंद पडवी पुरे. प्रथम उजेड पाहा. मुहूर्त मागाहून पाहिला नाहीं तरी चालेल. मग मजबूत बांक: सरळ उभें राहिल्यावर मनगटास लागेल इतका उंच, आणि त्यावरील शेगड्याचें तोंड कोपराच्या उंचीस, म्हणजे कंबर मोडत नाहीं. यंत्रांसाठीं विजेची स्वतंत्र तार, पक्की अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारा स्विच अवश्य हवा. बंद खोलींत इंजिन कधींही चालवूं नका. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि माणूस हांक न मारतां जातो. जेथें रंध्याचा भुसा, तेथें वेल्डिंग नको. एवढें झाल्यावर यंत्र घ्या.

केंद्र सरकारनें १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेंत अठरा धंद्यांच्या कारागिरांस हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली. अशी रक्कम हातीं येतांच चकचकीत यंत्राकडे मन धांवतें. अर्थिंगची तार कोणास आठवत नाहीं. हत्यार फुकट मिळालें तरी बोट फुकट मिळत नाहीं!

कोणी म्हणेल, आम्हांस राहावयासच जागा नाहीं. खरें आहे. मग चार घरांनीं मिळून एक पडवी घालावी. शेगडा एक, बांक एक, खर्च चौघांचा. बांधावरून कोर्टांत भांडणाऱ्या भाऊबंदांस एवढें अवघड काय आहे?

आणि एक. त्या पडवीचें दार मुलींसही उघडें असावें. जिच्या हातीं खुरपें शोभतें, तिच्या हातीं पाना कां शोभूं नये?