शिवडीच्या खोक्यांतली मालमोटार



मागे एकदा कामानिमित्त मुंबईला जाणे झाले. कफ परेडच्या मच्छीमार नगरात आमच्या ओळखीचे एक कोळी कुटुंब आहे, त्यांच्याकडे रात्रीचा मुक्काम केला. पहाटे जाग आली ती घरच्या आजीच्या आवाजाने. मासळीच्या पाट्या टेम्पोत चढल्या होत्या, वर बर्फ घातला होता आणि टेम्पो काही केल्या सुरू होईना. ड्रायव्हरने सीटखालचा डबा उपसला, त्यातून एक फ्यूज काढून बसवला आणि गाडी निघाली. आजी आत येऊन आम्हाला म्हणाली, "तुमची मेथी नि आमची कोलंबी, दोघींना धीर कसला!"

ते एवढेसे फ्यूज डब्यात होते म्हणून भागले. मालमोटारीचा मोडलेला भाग जवळपास मिळतो की बोटीने यावा लागतो, हा प्रश्न एकेकाळी फार मोठा होता. त्याची गोष्ट याच मुंबईत, मच्छीमार नगरापासून थोड्या अंतरावर, शिवडीला घडली. आज शिवडी म्हटले की २०२४ साली खुला झालेला अटल सेतू आठवतो. पण १९२८ साली तिथे अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने मोटारींचा कारखाना काढला होता. मालकी सगळी परदेशी.

कारखाना म्हणायचे खरे, पण तिथे गाडी 'बनत' नसे, 'जोडली' जात असे. इंजिन, आस, गिअरपेटी, चौकटीचे तुकडे लाकडी खोक्यांत भरून बोटीने मुंबईला येत. आपले कामगार खोकी फोडत, नटबोल्ट आवळत, रंग देत, आणि शेव्हरोलेट ट्रक दारातून बाहेर पडे. आपण शहरातून औताचे सुटे भाग आणून गावच्या सुताराकडून जोडून घ्यावेत, तसाच हा प्रकार. सुतार हुशार असेल, पण फाळ मोडला की पुन्हा शहर गाठायचे.

तरी या गाड्यांनी काम मोठे केले, हे नाकारून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाहून खोक्यांत आलेल्या लष्करी मालमोटारी मुंबईत जोडल्या गेल्या. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. त्या 'डिस्पोजल'च्या गाड्या घेऊन कितीतरी माणसे वाहतुकीच्या धंद्यात उतरली. जिथे बैलगाडीने दोन रात्री लागत तिथे गूळ आणि कांदा एका रात्रीत पेठेत पोचू लागला. आणि १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला आपल्या एस. टी.ची पहिली गाडी सुटली, ती होती बेडफर्ड! लाकडी बांधणीची ही बेडफर्ड म्हणजे जनरल मोटर्सच्याच इंग्लंडातल्या कंपनीची गाडी.

याच सुमारास दुसरा विचारही जोर धरीत होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज आणि फार्गो ट्रक निघू लागले. सुरुवात तिथेही जोडणीनेच झाली, पण कंपनी इथली होती आणि हळूहळू भाग इथेच बनवायचे असा तिचा बेत होता.

मग सरकारने हिशेब मांडला. टॅरिफ कमिशनने चौकशी केली आणि १९५३ साली धोरण ठरले: ज्याला गाडीचे भाग टप्प्याटप्प्याने भारतात बनवायचे आहेत त्याने राहावे, नुसती खोकी फोडणाऱ्याने गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्सने जाणे पसंत केले. १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. फोर्ड कंपनीनेही तेव्हाच इथले जोडकाम थांबवले.

हा निर्णय बरोबर की चूक, यावर आजही वाद घालता येईल. आमच्या मते बरोबर होता. पण त्याची किंमत कोणी मोजली तेही बघा. पुढची कितीतरी वर्षे नव्या ट्रकसाठी नंबर लावून बसावे लागे. ट्रक कमी म्हणजे भाडे जास्त, आणि भाडे शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापले जाते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

शिवडी बंद पडली त्याच १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. डिझेलवर चालणारा, नाकावर तीन टोकांची चांदणी मिरवणारा तो टाटा-मर्सिडीज आपल्यातल्या पिकल्या केसांच्या मंडळींना नक्की आठवत असेल. १९६९ मध्ये करार संपला. चांदणी गेली, तिच्या जागी 'टी' अक्षर आले, पण ट्रक निघतच राहिले. पंधरा वर्षांत भाग इथे बनू लागले होते. शिवडीला सव्वीस वर्षांत जे झाले नाही ते हे.

यामागे सुमंत मुळगावकर नावाचा एक मराठी इंजिनिअर होता. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला त्यांनी टेल्कोचा कारखाना उभारला, आणि तिथे आधी ट्रक काढलेच नाहीत. १९६६ पासून साचे आणि यंत्रे बनवायला सुरुवात केली, पोरांना कारागिरी शिकवली, माळावर झाडे लावली, तळे केले. पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ साली. आधी जमीन तयार करायची, मग पेरायचे, ही रीत आपल्याला ओळखीचीच.

त्याचे फळ १९८६ साली दिसले. तेव्हा लहान मालमोटारींसाठी टोयोटा, निस्सान, माझ्दा, मित्सुबिशी अशा चार जपानी कंपन्या भारतीय भागीदार घेऊन उतरल्या होत्या. गाड्या देखण्या होत्या. टेल्कोने त्यांच्यासमोर स्वतः आखलेली '४०७' आणली. 'चारशे सात' म्हटले की आजही गावातले पोरगे कोणती गाडी ते सांगेल. टोमॅटोचे क्रेट असोत की लग्नाचे वऱ्हाड, तिने काही नाही म्हटले नाही.

परदेशी कंपन्या पुढे परतही आल्या. जनरल मोटर्सने २००८ साली आपल्या मावळात, तळेगावला, मोटारींचा कारखाना घातला, पण २०२० च्या अखेरीस तोही थांबला. कामगारांना आपल्या हक्कासाठी भांडावे लागले. पुढे कारखाना ह्युंदाईने घेतला. उलट डाइम्लरने २०१२ पासून चेन्नईजवळ ओरगडमला 'भारतबेंझ' ट्रक काढायला घेतले. या वेळी मालकी पूर्ण जर्मन, पण कारखाना खोकी फोडणारा नव्हे, इथेच भाग बनवून घेणारा.

मच्छीमार नगरातल्या त्या टेम्पोच्या ड्रायव्हरला आम्ही निघताना विचारले, मोठा भाग गेला तर काय करता? तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत मिळतो, नाही मिळाला तर सकाळी." आजीला मात्र हे पटले नाही. तिच्या मते संध्याकाळ म्हणजे मासळी गेलीच.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुन्या शेव्हरोलेट ट्रकचा किंवा लाकडी एस. टी.चा फोटो असेल, तर गाडीच्या नंबरासह आम्हाला अवश्य कळवा.