आपलं पान, आपल्या नावावर

मैत्रिणींनो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण वर्षानुवर्षं तलाठ्याच्या पायऱ्या झिजवल्या. आज मी एका वेगळ्या सातबाऱ्याविषयी लिहिते आहे. इंटरनेटवर आपल्या गटाचं, आपल्या हातानं लिहिलेलं एक साधं पान असावं, असा माझा आग्रह आहे. "हे शहरातल्या शिकलेल्या बायांचं काम," असं म्हणून पान उलटू नका.

चंद्रपूर-गडचिरोलीबद्दल बाहेरच्या माणसाला काय वाचायला मिळतं? वाघाचा हल्ला, पोलीस-नक्षल चकमक, कोळसा, लोखंड. बाई दिसलीच तर मोह वेचताना दिसते, आणि फोटोखाली तिचं नाव नसतं. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीच्या दोन गावांतला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तपासलेल्या ६५० बायांपैकी ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते, असं त्यात दिसलं. बायांच्या अंगावरच्या दुखण्याची जगानं दखल घेतली ती या आकड्यांमुळे. त्या अभ्यासाचं मोल मोठंच आहे. पण आकडा झाला म्हणजे बाईचं बोलणं झालं असं नाही. ते तिनंच सांगायचं असतं.

दारूबंदीचंच घ्या. गडचिरोलीत बंदी १९९३ साली आली. चंद्रपूरच्या बाया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये शासनानं ती उठवली. उठवताना समितीचा अहवाल होता, महसुलाचा हिशेब होता, अवैध दारूची आकडेवारी होती. शासनाची बाजू अशी कागदावर नीट बांधलेली असते. आपली बाजू मात्र वर्तमानपत्रांच्या पिवळ्या कात्रणांत, इतिवृत्ताच्या वह्यांत आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या बायांच्या आठवणीत विखुरलेली राहते. बंदी हवी की नको यावर आपल्यातही मतभेद असतील. पण कुठल्या गावच्या बायांनी कधी ठराव केला, भट्टी कशी फोडली, मग काय सोसलं, याची नोंद आपणच ठेवली पाहिजे, यावर तरी मतभेद नसावेत.

"फेसबुक आहे, व्हॉट्सॲप आहे, मग आणखी पान कशाला?" असं विचारलं जातं. ती दुसऱ्याची ओसरी आहे. मालक बसू देतो तोवर बसायचं. ऑर्कुट २०१४ साली बंद झालं. २०२० च्या जूनअखेर सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली, आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायांनी तिथं जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. व्हॉट्सॲपवरचा मजकूर तर आठवडाभरात खाली सरकतो. नव्या कार्यकर्तीला तो सापडत नाही.

आता पान करायचं कसं? पान म्हणजे मजकुराची एक साधी फाईल. मजकुराला खुणा घालायच्या, त्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. कोनी कंसात एच आणि १ लिहिलं की मथळा सुरू होतो, पी लिहिलं की परिच्छेद. संपला की तीच खूण तिरप्या रेघेसह पुन्हा लिहायची. फाईलला 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असं नाव द्यायचं. सुरुवातीला अशा सात-आठ खुणा पुरतात. टिम बर्नर्स-ली यांनी केलेलं जगातलं पहिलं पान असंच होतं, नुसती अक्षरं आणि दुवे. आजच्या मोबाईलवरही ते उघडतं. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा आणि फाईल यूटीएफ-८ म्हणून जतन करा. जुन्या फाँटमधली पत्रकं तशीच चिकटवली तर दुसरीकडे नुसती अगम्य चिन्हं दिसतात. फोटो लहान करून घाला, म्हणजे कमजोर नेटवर्कवरही पान उघडेल. गोंडी, माडिया बोलणाऱ्या बायांनी आपल्या भाषेत लिहावं. देवनागरीतही ते छान वाचता येतं.

"जंगलात नेटवर्कच नाही," हेही खरं. पण ही फाईल नेटवर्काशिवाय मेमरी कार्डावरून उघडते. ती टोल्याटोल्यांवर फिरवता येते. गावाला रेंज आली, की चढवता येते. चढवायला गिटहब पेजेस, निओसिटीज अशा फुकट जागा आहेत. त्याही परक्याच्याच. पण फाईल आपल्या हाती असली तर उद्या दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येतं. म्हणून दोन पेनड्राइव्हवर प्रत ठेवाच.

खरी अडचण तंत्राची नाही, किल्लीची आहे. गटात बायका पन्नास, आणि पासवर्ड मात्र कुणाच्या तरी भावाकडे किंवा ऑफिसातल्या मुलाकडे! तो रुसला, गाव सोडून गेला की सगळंच गेलं. मदत कुणाचीही घ्या, पण पासवर्ड किमान दोघी बायांकडे हवा, आणि काय छापायचं ते बैठकीतच ठरावं.

आणि जपूनही लिहा. जिचा फोटो, तिची परवानगी हवी. नवऱ्यानं मारलेल्या बाईचं गाव, आडनाव, मुलांची शाळा यांतलं काहीच येता कामा नये. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. एखादीचा खाजगी मोबाईल नंबर न देता गटाचा नंबर द्या. आमच्या भागात कुणी कुणाकडे जातं, यावरही लोकांची नजर असते. बैठकीची जागा आणि वेळ आधी जाहीर करू नका.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. गटाचं नाव, गाव, केव्हा सुरू झाला, कोणत्या प्रश्नावर लढला, काय मिळालं आणि काय राहिलं, हे साध्या बोलीत लिहून काढा. लिहिता न येणारीनं सांगावं, नववी-दहावीतल्या पोरीनं टाईप करावं आणि सगळ्यांना वाचून दाखवावं. हरकत निघाली तर दुरुस्त करावं. आपलं पहिलं पान एवढ्यानं तयार होतं.