सहा मजुरांचे गाव टॉलपडल



इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लंडन उभे राहते. राजवाडा, पार्लमेंट, घड्याळाचा उंच मनोरा. परंतु त्या देशातही खेडी आहेत. त्या खेड्यांत जमीनदार होते आणि त्यांच्या शेतात राबणारे भूमिहीन मजूरही होते. आज आम्ही अशाच एका खेड्याची हकिकत सांगणार आहोत. गावाचे नाव टॉलपडल. वस्ती आजही अवघी चारशेच्या घरात.

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट नावाचा परगणा आहे. त्याचे मुख्य शहर डॉर्चेस्टर. तेथून पूर्वेला सात-आठ मैलांवर, पिडल या लहानशा नदीकाठी टॉलपडल वसले आहे. भोवतीच्या टेकड्या पांढऱ्या खडूच्या दगडाच्या. त्यात मुरलेल्या पाण्यावर ही नदी वाहते आणि पुढे पूलच्या खाडीत समुद्राला मिळते. काठावर कुरणे, वर धान्याची शेते. जुनी घरे माती आणि काड कालवून केलेल्या जाड भिंतींची, वरून शाकारलेली. शेजारच्या गावांची नावे ऐका : पडलटाउन, ॲफपडल, ब्रायंट्सपडल. सगळ्यांत नदीचेच नाव. आणि 'टॉल' कोठून आले? अकराव्या शतकात टोला नावाची एक बाई होती. राजाच्या पदरी असलेल्या ऑर्क नावाच्या सरदाराची ती पत्नी. येथील जमीन तिने ॲबट्सबरीच्या मठाला दान दिली. म्हणजे या गावाने एका बाईचे नाव हजार वर्षे जपले आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पेशाने कारकून. इतिहास वाचतानाही आमची नजर आधी आकड्यांवर जाते.

१८३० च्या सुमारास दक्षिण इंग्लंडमधील शेतमजुरांची दैना झाली होती. मळणीयंत्रे आली आणि हिवाळ्यातले काम गेले. मजुरांनी यंत्रे फोडली. सरकारने एकोणीस जणांना फासावर चढवले आणि शेकडोंना समुद्रापार हद्दपार केले. टॉलपडलच्या मजुरांनी मात्र दगड उचलला नाही. त्यांनी मालकांशी बोलणी केली. इतर ठिकाणी आठवड्याला दहा शिलिंग मिळतात, तेवढे आम्हालाही द्या, एवढीच मागणी. मालकांनी ती कबूल केली, तेव्हा चर्चचा धर्मगुरू साक्षीला होता. पुढे दहाचे नऊ झाले, नवाचे आठ, आठाचे सात, आणि आता सहा देऊ अशी धमकी आली. धर्मगुरूनेही कानांवर हात ठेवले. हिशोब करा. एका शिलिंगाचे बारा पेन्स. सात शिलिंग म्हणजे चौऱ्याऐंशी पेन्स. आठवड्याचे दिवस सात. म्हणजे अख्ख्या कुटुंबाला रोजचे बारा पेन्स. त्यात भाडे, भाकरी, सरपण, मुलांचे कपडे!

जॉर्ज लव्हलेस हा गावातला नांगऱ्या. स्वतःच्या कष्टाने लिहायला-वाचायला शिकलेला, मेथॉडिस्ट पंथाचा प्रवचनकार. त्याच्या पुढाकाराने ऑक्टोबर १८३३ मध्ये शेतमजुरांची संघटना उभी राहिली. प्रवेश फी एक शिलिंग आणि पुढे आठवड्याला एक पेनी. सात शिलिंगांतून एक शिलिंग काढून देणे म्हणजे घरातल्या किती जणांच्या ताटातले काढावे लागले असेल, हे आमच्या माता-भगिनींना सांगायला नको. गावातल्या सिकॅमोरच्या झाडाखाली हे मजूर जमत असत, असे सांगतात. बैठका थॉमस स्टँडफील्डच्या घरात माडीवर होत. नवा सभासद डोळे बांधून शपथ घेई की संघटनेची गुपिते बाहेर फोडणार नाही.

ही शपथच त्यांना भोवली. संघटना करणे १८२४ पासून गुन्हा उरला नव्हता. मग पकडायचे कसे? जेम्स फ्रॅम्प्टन हा जमीनदार आणि मॅजिस्ट्रेटही. त्याने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांच्याशी पत्रव्यवहार केला. नौदलातील बंडानंतर १७९७ साली झालेला बेकायदा शपथांविरुद्धचा एक कायदा शोधून काढण्यात आला. खलाशांसाठी केलेला कायदा नांगर धरणाऱ्यांना लावला! २४ फेब्रुवारी १८३४ रोजी सहा जणांना अटक झाली आणि त्यांना डॉर्चेस्टरपर्यंत पायी नेण्यात आले. जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, मेहुणा थॉमस स्टँडफील्ड, थॉमसचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट अशी त्यांची नावे. हॅमेट तर त्या शपथविधीला हजरही नव्हता. हजर होता त्याचा भाऊ. भावाची बायको बाळंतपणाला आलेली, म्हणून हा गप्प राहून त्याच्या जागी गेला, असे आजही सांगितले जाते. मार्च महिन्यात खटला चालला. ज्यूरीत मजूर एकही नव्हता. शिक्षा झाली सात वर्षे हद्दपारीची. पाच जणांना ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सला आणि जॉर्जला टास्मानियाला पाठवले.

मागे राहिलेल्या बायकामुलांचे काय? जॉर्जची पत्नी बेट्सी, थॉमसची पत्नी डायना यांनी गरिबांसाठी असलेली गावची मदत मागितली. ती नाकारण्यात आली. संघटनेत भरायला पैसे होते, मग आता हात कशाला पसरता, असा न्याय! शिक्षा न्यायालयाने सहा पुरुषांना दिली, पण भोगली सगळ्या घरांनी. अशा वेळी धावून आले ते दूरचे लोक. लंडनच्या कामगारांनी समिती नेमली, निधी गोळा केला आणि या घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनमध्ये हजारो कामगारांचा प्रचंड मोर्चा निघाला. दोन लाखांवर सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. ज्यांनी टॉलपडल कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, त्यांनी हे केले. अखेर मार्च १८३६ मध्ये सरकारला संपूर्ण माफी द्यावी लागली. १८३७ ते १८३९ या काळात सहाही जण परतले.

पण गावाने त्यांना सामावून घेतले का? पाच जण आधी एसेक्समध्ये शेती करू लागले. तेथेही जमीनदारांनी स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून १८४० नंतरच्या वर्षांत ते कुटुंबकबिल्यासह कॅनडाला गेले. तेथे आपला पूर्वेतिहास ते बोलत नसत, असे म्हणतात. टॉलपडलला परतला तो एकटा हॅमेट. त्याने बांधकामावर मजुरी करून पोट भरले. १८७५ साली शेतमजूर संघटनेने त्याचा सत्कार केला. तरीही १८९१ साली त्याचा अंत झाला तो डॉर्चेस्टरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात.

१९३४ साली खटल्याला शंभर वर्षे झाली. इंग्लंडच्या कामगार महासंघाने गावात म्हाताऱ्या शेतमजुरांसाठी सहा घरे बांधली आणि एकेका घराला एकेकाचे नाव दिले. तेथे आता संग्रहालय आहे. हॅमेटच्या थडग्यावर दगडही त्याच वर्षी बसला. सिकॅमोरचे झाड अजून उभे आहे. तपासणीत ते १६८० च्या दशकातले ठरले आहे. दर जुलैमध्ये देशभरचे कामगार बॅन्ड आणि झेंडे घेऊन या चिमुकल्या गावात जमतात.

हे सर्व चांगलेच आहे. परंतु आमचे मन त्या सहा घरांपाशी अडते. निराधार म्हाताऱ्या मजुरांसाठी असे घर १८९१ साली एक जरी असते, तर हॅमेटने शेवटचा श्वास वर्कहाउसमध्ये घेतला नसता. मेलेल्यासाठी दगड कोरणे सोपे असते. जिवंतपणी त्याच्या दाराशी जाऊन विचारपूस करणारे थोडे असतात.

म्हणून एक विनंती. आपल्या घरात, चाळीत, वस्तीत कोणी म्हातारा कामगार असेल, ज्याने कधी संपात पगार घालवला, कधी नोकरी गमावली, त्याच्याजवळ या रविवारी मुलांना घेऊन बसा. त्याला बोलते करा. मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगा. आणि निघताना त्याच्या औषधाला, डाळ-तांदळाला काही कमी तर नाही ना, हेही बघून या.