खुंटी हलवून पाहा

मागच्या महिन्यात आमच्या बाथरूममधला टॉवेलचा दांडा हिच्या हातात आला. पाय सरकला, हात आपोआप दांड्याकडे गेला आणि दांडा स्क्रूंसकट भिंतीतून बाहेर! बेसिनचा काठ सापडला म्हणून निभावले. (नातेवाइकांनी काळजी करू नये, मनगट आता बरे आहे.)

दुकानदार म्हणाला, "काका, तो टॉवेल टांगायचा दांडा आहे, लटकायचा नाही." इमारतीतल्या दोघातिघांनीही हेच ऐकवले. मला हे अजिबात मान्य नाही. तोल गेलेला माणूस दांडा कशासाठी आहे याचा विचार करून हात टाकतो का? घरात म्हातारी माणसे आहेत हे ठाऊक असून जो नुसता शोभेचा दांडा बसवतो, तो सापळाच लावतो.

आणि आपण पारख कशाने करतो? चकाकीने! अहो, पहिले वर्षभर सगळेच दांडे चकाकतात. दुकानदाराने मग लोहचुंबक लावून दाखवले. "बघा, चिकटत नाही, अस्सल स्टील!" पण ३०४ ग्रेडच्या चांगल्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही आणि २०२ ग्रेडच्या स्वस्त स्टीललाही नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते, म्हणून ते ओलाव्यात लवकर गंजते. हा फरक चुंबकाला कळत नाही. तेव्हा ग्रेड बिलावर लिहून मागावी. दुकानदार का-कू करू लागला की काय ते समजावे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आमचा दांडा गंजलेला नव्हताच! प्लॅस्टिकची गिट्टी फक्त टाइलच्या जाडीत अडकली होती आणि टाइलमागे पोकळ होते. भोक पाडण्याआधी बोटाने टाइल ठोकून पाहावी, पोकळ जागा आवाजावरून कळते. भोक टाइल ओलांडून विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेले पाहिजे. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा, नाहीतर ती तडकते. आणि सैल भोकात आगकाड्या कोंबणाऱ्या कारागिराला चहा न देता परत पाठवावे.

एवढे करूनही टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा होत नाही. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या २०१० च्या बांधकाम नियमांत आधाराच्या दांड्याने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो भार पेलावा अशी अट आहे. आपल्याकडे नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स हौसेने बसवतात, पण असा दांडा क्वचितच दिसतो. आम्ही आता शॉवरजवळ तो वेगळा बसवून घेतला आहे. मनगट दुखावल्यावर सुचलेले शहाणपण!

'खुंटी हलवून बळकट करणे' हा वाक्प्रचार मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवला, वाक्यात उपयोग करून घेतला. स्वतःच्या घरातली खुंटी मात्र एकदाही हलवून पाहिली नाही. तुम्ही आजच पाहा. दोन्ही हातांनी, चांगली जोर लावून.