‘कळणे’ आणि ‘कळवणे’

आपल्या मुरुडकडच्या बऱ्याच घरांत मूल एकाच दिवसात तीन-चार भाषांतून फिरून येते. घरात दखनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, आणि त्यात इंग्रजी. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. तरी दहावीच्या वह्या तपासताना आम्हाला दरवर्षी एकाच जागी लाल शाई जास्त लागते. ती जागा म्हणजे ‘कळणे’ आणि ‘कळवणे’.

मराठीत आपण म्हणतो, ‘मला माहीत नाही’. उर्दूत ‘मुझे मालूम नहीं’, घरात ‘मेरेकू मालूम नै’. तिन्हीकडे माहिती आपल्याकडे येते, आपण नुसते घेणारे. इंग्रजीत मात्र ‘आय’ पुढे उभा राहतो: ‘आय डोन्ट नो’. इथपर्यंत मुले चुकत नाहीत. अडचण पुढे आहे. ‘काल मला निकाल कळला’ याचे मुले ‘आय न्यू माय रिझल्ट येस्टरडे’ करतात. त्याचा अर्थ होतो, काल मला निकाल आधीच ठाऊक होता! ‘नो’ म्हणजे माहीत असणे. ती एक स्थिती आहे, म्हणून ‘आय ॲम नोइंग’ असेही म्हणत नाहीत. कळण्याचा क्षण सांगायचा असेल तर ‘आय केम टू नो’ किंवा ‘आय फाउंड आउट’.

कळण्याचेही प्रकार आहेत. शोध घेऊन कळले तर ‘फाइंड आउट’. डोळ्यांना दिसले, लक्षात आले तर ‘नोटिस’. आपल्याकडे नोटीस म्हणजे दारावर चिकटवलेला कागद, म्हणून मुले इथे हमखास गोंधळतात. आतून उमगले तर ‘रिअलाइज’. दुसऱ्याकडून बातमी कळली तर ‘लर्न’ही चालते. तिथे ‘शिकलो’ असा अर्थ लावू नये.

आता कळवण्याकडे येऊ. ‘टेल’ आणि ‘इन्फॉर्म’ यांच्यानंतर लगेच माणूस येतो, मध्ये ‘टू’ नको. ‘ही इन्फॉर्म्ड मी’ बरोबर, ‘ही इन्फॉर्म्ड टू मी’ चूक. मराठीतला ‘ला’ मुलांच्या मनात असतो, म्हणून तो ‘टू’ होऊन वाक्यात शिरतो. उलट ‘से’, ‘एक्स्प्लेन’ आणि ‘अनाउन्स’ यांना माणसाआधी ‘टू’ लागतो. ‘टीचर एक्स्प्लेन्ड मी’ नव्हे, ‘एक्स्प्लेन्ड इट टू मी’.

‘इन्फॉर्म’ आणि ‘वॉर्न’ यांतला फरक लातूर जिल्ह्यात वेगळा समजावावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या आणि शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच गेली. त्यानंतर नातेवाइकांना गावोगावी खबर पोचवली गेली, ते ‘इन्फॉर्म’. धोका येण्याआधी सावध करणे म्हणजे ‘वॉर्न’. ते त्या पहाटे कुणालाच करता आले नव्हते.

या ‘वॉर्न’ला मराठीत म्हणतात ‘इशारा देणे’. शब्द अरबी, उर्दूतही आहे, पण उर्दूत इशारा म्हणजे खूण किंवा आडून सुचवणे. सावध करण्याला उर्दूत ‘आगाह करना’ म्हणतात. उर्दूतून शिकणाऱ्या मुलाने मराठी पेपरात ‘धोक्याचा इशारा’ वाचला की हा फरक त्याला सांगावा. आणि गंमत पाहा, ‘इन्टिमेट’ या इंग्रजी क्रियापदाचा आजचा रूढ अर्थ उर्दूतल्या इशाऱ्यासारखाच आहे: आडून सुचवणे. आपल्याकडच्या कार्यालयांत मात्र ते सरळ ‘कळवणे’ या अर्थाने वापरतात. म्हणून ‘काइंडली इन्टिमेट’ असे पत्र आले तर अर्थ एवढाच, की कृपया कळवा.

हे केवळ परीक्षेच्या गुणांपुरते नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात जन्मतारीख चुकली होती. अब्बांच्या मोबाइलवर इंग्रजी मेसेज आला: ‘कँडिडेट शुड इन्फॉर्म द ऑफिस’. घरात ‘इन्फॉर्म’ एवढाच शब्द ओळखीचा होता. सगळ्यांना वाटले, ऑफिस कळवणार आहे. वाट पाहण्यात मुदत निघून गेली आणि त्या वर्षीची रक्कम हुकली. मुलगी हुशार आहे, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करील. पण ते पैसे तिच्या वह्या-पुस्तकांचे होते.

म्हणून मेसेज आला की आधी पाहावे, कोणी कोणाला कळवायचे आहे. ‘यू विल बी इन्फॉर्म्ड’ म्हणजे तुम्हाला कळवले जाईल, थांबा. ‘यू शुड इन्फॉर्म’ म्हणजे तुम्हीच कळवा, उठा. सगळी किल्ली त्या छोट्या ‘बी’मध्ये आहे. ‘नोटिफाय’ आणि ‘इन्टिमेट’ यांनाही हाच नियम: ‘विल बी नोटिफाइड’ म्हणजे पुढे कळेल, ‘हॅज बीन नोटिफाइड’ म्हणजे कळवून झाले, शोधा कुठे ते.

या महिन्याचा अभ्यास सोपा आहे. घरच्या मोबाइलवर बँक, शाळा, गॅस यांचे जे इंग्रजी मेसेज येतात, त्यांतले तीन मुलांनी अम्मी किंवा दादीजानला वाचून दाखवावेत आणि प्रत्येकात कळवणारा कोण, कळून घेणारा कोण, ते दखनीत सांगावे. दादीजानला समजले, तर मुलालाही समजले असे धरावे. पुढच्या अंकात इन्शाअल्लाह ‘मागणे’ आणि ‘विचारणे’ पाहू, कारण इंग्रजी त्या दोन्हींना एकच ‘आस्क’ वापरते.