हिरड्यांची फिर्याद

दात घासताना चूळ तांबूस झाली की ती अंगातली उष्णता समजून सोडून देण्याचा दस्तूर आपल्याकडे आहे. आणि जेथून रक्त येते तेथे ब्रश लावू नये, अशी मसलतही घरातील वडीलधारी माणसे मोठ्या मायेने देतात. कोपरच्या फलाटावर धिम्या लोकलची वाट पाहणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ही समजूत मी इतक्या वेळा ऐकली आहे की, आजचे सदर तिच्या निरसनासाठी खर्ची घालणे मला कर्तव्य वाटते.

निरोगी हिरडी नुसत्या ब्रशने रक्ताळत नाही. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा जो चिकट थर रोज साचतो, तो वेळीच निघाला नाही की हिरडी सुजते, लाल होते आणि रक्त येऊ लागते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींना दात स्वच्छ करणे थांबवावयास सांगितले, तेव्हा १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला, आणि सफाई पुन्हा सुरू होताच सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येते तेथे ब्रश टाळावयाचा नसून तो अधिक हळुवारपणे व अधिक काळजीने फिरवावयाचा असतो.

ही पहिली अवस्था उलटविता येते. पुढची येत नाही. तोच थर कठीण होऊन त्याचे कीटण बनते, हिरडी दातापासून सुटून तेथे खोल कप्पा तयार होतो, आणि दाताला धरून ठेवणारे हाड, बहुधा कसलीही वेदना न होता, झिजत जाते. श्रीलंकेतील चहामळ्यांतल्या, दंतसफाईची सवय नसलेल्या ४८० मजुरांची लो यांनी १९७० पासून १५ वर्षे पाहणी केली, तेव्हा सुमारे ८ टक्क्यांत हा ऱ्हास झपाट्याने झाला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत हिरडीच्या सुजेपलीकडे तो गेलाच नाही. तेव्हा ब्रशाविना बत्तिशी शाबूत राखलेल्या एखाद्या आजोबांचा दाखला इतरांच्या कामाचा नाही.

दंतमंजनाशी आमच्या परिसराचे नाते जुने. वज्रदंती मंजन घरोघरी पोचविणाऱ्या विको उद्योगाचे संस्थापक केशव विष्णू पेंढरकर यांचे नाव डोंबिवलीतील महाविद्यालयाला दिलेले आहे. परंतु मंजन म्हणून हिरड्यांवर घासली जाणारी मिश्री ही भाजलेली तंबाखू होय. तिच्यातील निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त येणे कमी होते, आणि लावणारीला गुण आल्याचा भास होतो. फिर्याद दडपली जाते, मामला मात्र मिटत नाही. मधुमेहाचाही येथे निकटचा संबंध आहे: रक्तातील साखर अनियंत्रित असेल तर हिरड्यांचा विकार बळावतो, आणि हिरड्यांतील दाह साखर आटोक्यात येऊ देत नाही.

दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, ही दुसरी रूढ भीती. वस्तुतः हाड आधीच झिजलेले असते. कीटण निघून सूज उतरली की दडलेल्या फटी दिसू लागतात, आणि दोष निष्कारण वैद्यावर येतो. सुश्रुतसंहितेतही दंतशर्करा, म्हणजे हेच कीटण, दाताच्या मुळाला इजा न करता काढण्याचे विधान आहे. आजचे दंतवैद्य कप्प्यांची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात, हिरडीखालील मुळांची सफाई करतात, आणि कप्पे फारच खोल असल्यास हिरडी उलगडून शस्त्रक्रिया करतात. केवळ गोळ्या घेऊन कीटण निघत नाही.

प्रतिबंधाचा बंदोबस्त साधा आहे: मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा धरून दोन वेळा दोन-दोन मिनिटे फिरवावा, फटींतून दोरा किंवा बारीक ब्रश घालावा, तंबाखू सर्व रूपांत वर्ज्य करावी, आणि दंतवैद्याकडून नियमित तपासणी करून घ्यावी. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर कोपरची धिमी लोकल जेथे शेवटची थांबते त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या लगत, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलजवळचे नायर दंत महाविद्यालय तर १९३३ पासून ही सेवा करीत आहे. घरातील सर्वांची तपासणी झाल्यावर स्वतःची तहकूब ठेवणारी आई, आणि वर्षानुवर्षे मिश्री लावणारी आजी, यांना या वेळी प्रथम घेऊन जावे, ही माझी वाचकांना आग्रहाची विनंती आहे.