३५ लाखांची पोर्शे: कोंबडी चार आण्यांची, मसाला बारा आण्यांचा?

गेल्या काही महिन्यांत तुमच्याही फीडमध्ये असे रील आले असतील. चकचकीत शोरूम, मागे दणदणीत म्युझिक, आणि एक जण ओरडून सांगतोय, "भावा, फॉर्च्युनरच्या भावात पोर्शे!" माझ्या एका मित्राने असं रील मला रात्री साडेअकराला पाठवलं. खाली एकच ओळ होती: "सिरियसली विचार करतोय."

गाडी होती २०११ची पोर्शे बॉक्स्टर एस. किंमत ३५ लाख. मित्र माझ्यासारखाच सॉफ्टवेअरवाला, सहा वर्षं नोकरी, लग्न व्हायचंय, कर्ज नाही, बचत साधारण ४० लाख. म्हणजे गाडी घेता येईल का, हा प्रश्नच नव्हता. गाडी ठेवता येईल का, हा होता. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी त्यावर घालवले. त्यातून जे कळलं ते इथे मांडतोय, कारण सेकंड हँड फोन घेताना आपण बॅटरी हेल्थ बघतो, पण सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेताना बहुतेक जण फक्त रंग बघतात.

आत्ताच एवढ्या स्वस्त का दिसतायत?

एक कारण टॅक्सचं आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी लागू झाला आणि वरचा सेस गेला. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि सेस मिळून हा आकडा ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जायचा. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव दबतो, हे साधं गणित आहे.

जुन्या गाडीवरचा जीएसटी वेगळा. जानेवारी २०२५पासून तो १८ टक्के आहे, पण पूर्ण किमतीवर नाही, डीलरच्या नफ्यावर. डीलरने गाडी ३० लाखांना घेऊन ३५ला विकली, तर टॅक्स मधल्या ५ लाखांवर, म्हणजे ९० हजार. जीएसटी नोंदणी नसलेल्या साध्या मालकाने स्वतःची गाडी थेट तुम्हाला विकली तर तोही नाही. त्यामुळे "साहेब, १८ टक्के वर लागतील" असं कोणी ३५ लाखांवर सांगत असेल तर तिथेच थांबा.

पण खरं कारण टॅक्स नाही. गाडीची किंमत वयाप्रमाणे उतरते, तिच्या पार्ट्सची उतरत नाही. बॉक्स्टर १४ वर्षांची झाली म्हणून तिची ब्रेक डिस्क मारुतीच्या भावात मिळत नाही. बाजाराला हे माहीत असतं, म्हणून भाव खाली येतो. डिस्काउंट वाटतं ते खरं तर पुढच्या बिलांचा अंदाज असतो.

कोणती गाडी, हे आधी ठरवा

"पोर्शे घ्यायची" हा निर्णय नाही. कोणत्या वर्षाची, कोणत्या इंजिनाची, हा निर्णय आहे. बॉक्स्टरची ९८७ ही पिढी २०१२पर्यंत चालली, पण २००९च्या मॉडेलपासून तिचं इंजिन बदललं. आधीच्या इंजिनांमध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग हा कुप्रसिद्ध भाग आहे. ते फुटलं तर अख्खं इंजिन जाऊ शकतं. २००१ ते २००५ दरम्यानच्या गाड्यांवरून अमेरिकेत सामूहिक खटला झाला आणि २०१३मध्ये तडजोड झाली. २००६ ते २००८च्या गाड्यांत बेअरिंग मोठं आणि जास्त टिकाऊ आहे, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ते बदलता येत नाही. २००९नंतरच्या इंजिनात हा शाफ्टच नाही. म्हणजे २००८ आणि २००९च्या दोन गाड्या बाहेरून जवळपास सारख्याच दिसतील, पण जोखीम पूर्ण वेगळी.

इतर ब्रँडचंही असंच. फेरारी एफ३५५चे टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन गाडीतून बाहेर काढावं लागतं. पुढे एफ४३०मध्ये बेल्टऐवजी चेन आली आणि ही भानगड गेली. लॅम्बोर्गिनी गायार्डोचा ई-गिअर दिसायला ऑटोमॅटिक, पण आत साधा सिंगल क्लच. तो सिग्नल-टू-सिग्नल रांगण्यासाठी बनलेला नाही.

गाडीला विचारा, ती खोटं बोलत नाही

आता आपल्या आवडीचा भाग. या गाड्या म्हणजे चाकांवरचे कॉम्प्युटर आहेत आणि कॉम्प्युटर लॉग ठेवतो.

पहिली पायरी फोनवरच होते. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, कितवा मालक, इन्शुरन्स चालू आहे का आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, ते बघा. ई-चलन वेगळं तपासा.

दुसरी पायरी, स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डोंगल. तो एरर कोड दाखवतो. पण गाडी दाखवण्याआधी विक्रेता कोड पुसून टाकू शकतो. त्यावर उपाय म्हणजे रेडीनेस मॉनिटर बघणं. कोड पुसले की या चाचण्याही रीसेट होतात आणि गाडी बरीच चालल्यावरच पुन्हा पूर्ण होतात. एरर शून्य आणि बहुतेक चाचण्या "नॉट रेडी", असं दिसलं तर कोणीतरी नुकतीच पाटी कोरी केली आहे, किंवा बॅटरी काढली होती. दोन्ही वेळा प्रश्न विचारायचाच.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. पोर्शेच्या इंजिन कंट्रोल युनिटमध्ये दोन नोंदी असतात. एक, इंजिन ठरलेल्या मर्यादेच्या वर किती वेळा फिरलं. मॅन्युअल गाडीत चुकून खालचा गिअर पडला की हे होतं. पीडीके ऑटोमॅटिकमध्ये कॉम्प्युटर तसा गिअर पडूच देत नाही. दुसरी नोंद, इंजिन एकूण किती तास चाललं. ओडोमीटर मीटरच्या पॅनेलमध्ये असतो, तास इंजिनच्या युनिटमध्ये. मीटर मागे फिरवणारा तासांना हात लावायला बरेचदा विसरतो.

हे वाचायला साधा डोंगल पुरत नाही. पोर्शेचं डायग्नोस्टिक टूल किंवा तशाच ताकदीचं मशीन असलेला मेकॅनिक लागतो. आम्ही असा एक माणूस शोधला आणि त्याला पैसे देऊन डीलरकडे घेऊन गेलो. डीलर आधी हसला, मग "बाहेरचं मशीन नको" म्हणाला, शेवटी तयार झाला.

मीटरवर २८ हजार किलोमीटर. इंजिनचे तास २,८००.

भागाकार तोंडी होतो. ताशी सरासरी १० किलोमीटर. माझी हॅचबॅक रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रडते, तरी तिची सरासरी याच्या जवळपास दुप्पट निघते. हा कोर्टात चालेल असा पुरावा नाही. गाडी तासन्‌तास नुसती चालू ठेवली असेल, हेही शक्य आहे. म्हणून आम्ही २०१९च्या आधीची सर्व्हिसची बिलं मागितली. ती "पहिल्या मालकाकडे राहिली" होती. पहिल्या मालकाचा नंबरही नव्हता. मित्र पार्किंगमध्ये दहा मिनिटं काही बोलला नाही.

गाडी चांगली निघाली असती तर?

तरीही हिशेब करावा लागलाच असता. आम्हाला मिळालेले अंदाज असे: चार टायर दीड लाख, चारही चाकांच्या डिस्क आणि पॅड ३ लाख, पीडीकेचं ऑइल, प्लग आणि बाकी फ्लुइड मिळून दीड लाख, इन्शुरन्स ८० हजार. सगळं पहिल्याच वर्षी निघालं तर जवळपास ७ लाख. काही मोडलेलं नसताना. (टायर "नवीन आहेत" म्हटलं तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं.)

इन्शुरन्समध्येही मेख आहे. साध्या पॉलिसीत गाडी १० वर्षांपेक्षा जुनी असेल तर क्लेममध्ये धातूच्या पार्ट्सची निम्मीच किंमत मिळते. प्लास्टिक आणि रबरावर वय काहीही असलं तरी निम्मी. झिरो डेप्रिसिएशन कव्हर एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे बंपर ठोकला तर अर्धं बिल तुमचं.

मग रजिस्ट्रेशन. २०११ची गाडी २०२६मध्ये १५ वर्षांची होते आणि पुढच्या ५ वर्षांसाठी फिटनेससह नूतनीकरण करावं लागतं. आयात केलेल्या चारचाकीसाठी केंद्राचं शुल्क ४० हजार आहे. २० वर्षांपुढच्या अशा गाडीसाठी ऑगस्ट २०२५मध्ये ते ८० हजार केलं. वर राज्याचा पर्यावरण कर. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आहेत म्हणून तिथल्या गाड्या स्वस्त दिसतात, पण इकडे आणताना एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स धरूनच भाव करा.

आणि पेट्रोल. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलशिवायच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, पण ॲव्हरेजची काळजी स्पोर्ट्स कारवाल्याने करू नये. काळजी दुसरी आहे: इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात. जुने होस आणि सील तपासणं, टाकीत जुनं पेट्रोल साठू न देणं आणि दर आठवड्याला गाडी बाहेर काढणं, हे आता कामाच्या यादीत धरा.

मग घ्यायचीच नाही का?

मित्राचा एक मुद्दा मला मान्य आहे. ३५ लाखांची नवी एसयूव्ही पहिल्या काही वर्षांतच किमतीचा मोठा भाग गमावते. १४ वर्षांच्या बॉक्स्टरची घसरण बरीचशी आधीच्या मालकांनी सोसलेली असते. चांगली गाडी, पूर्ण बिलं आणि नीट निगा असेल तर चार वर्षांनी ती फार तोटा न होता विकली जाऊ शकते. हा वेडेपणा नाही. पण यातला "चांगली" हा शब्द स्कॅन रिपोर्टशिवाय उच्चारायचा नाही.

आम्ही शेवटी चार अटी लिहून काढल्या. इंजिन २००९नंतरचं हवं. बिलांची साखळी पहिल्या मालकापासून हवी. स्वतंत्र मेकॅनिकच्या मशीनवर स्कॅन करू द्यायला हवं, नाही म्हटलं तर विषय संपला. आणि गाडीच्या किमतीच्या किमान २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात हवी, जिला गाडीशिवाय दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. घर, आईवडिलांचा दवाखाना, सहा महिन्यांचा खर्च, हे त्याच्या बाहेर.

चौथ्या अटीने मित्राचं बजेट ३५वरून २४ लाखांवर आलं. त्या पैशात त्याला हवी तशी बॉक्स्टर आज मिळत नाही. तो चिडला, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग त्याने ते वेगळं खातं उघडलं आणि स्क्रीनशॉट पाठवला. दर महिन्याला त्यात पैसे टाकतोय.

आम्ही नाकारलेली ती गाडी परवा पुन्हा रीलमध्ये दिसली. दुसरं शोरूम, दुसरं म्युझिक. मीटरवर आता २६ हजार किलोमीटर.